फॉर्म आणि लढत यांच्यामधली पायरी

१७ जानेवारी १९५४ रोजी मकावमध्ये उभारलेल्या एका मंचावर दोन नामवंत गुरू एकमेकांशी लढायला उतरले. वू गोंग-यी हे ताय-चीच्या वू घराण्याचे प्रमुख, वय ५३. चान हाक-फू हे श्वेत क्रौंच शैलीचे, वय ३५. त्यांच्यातला वाद हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांतून पेटला होता; पण तिथल्या ब्रिटिश राजवटीत अशा जाहीर लढतीला वाव नव्हता, म्हणून सगळा लवाजमा समुद्र ओलांडून पोर्तुगिजांच्या मकावला गेला. आदल्याच नाताळच्या रात्री हाँगकाँगमधल्या शेक किप मेई या वस्तीला आग लागून ५० हजारांहून अधिक माणसे उघड्यावर आली होती. लढतीचे उत्पन्न धर्मादाय कामासाठी होते. गर्दी अफाट लोटली.

या लढतीची चित्रफीत आजही उपलब्ध आहे. सिनेमातले कुंग फू पाहून मोठा झालेला प्रेक्षक ती पाहून गोंधळून जातो. हनुवटी वर, मुठी बाहेरून गोल फिरत येणाऱ्या, मधूनच एक झटापट, कोणीतरी दोराला जाऊन टेकतो, चान यांच्या नाकातून रक्त येते. क्रौंचाची झेप दिसत नाही, ताय-चीची पाण्यासारखी वळणे दिसत नाहीत. दुसऱ्या फेरीतच पंचांनी लढत थांबवली आणि चमत्कारिक निकाल दिला: कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही आणि बरोबरीही झाली नाही. तीनच दिवसांनी, २० जानेवारीला, हाँगकाँगच्या एका सायंदैनिकाने ही हवा ओळखून ल्यांग यू-शंग या लेखकाची युद्धकलेवरची कादंबरी क्रमशः छापायला घेतली. पुढच्या वर्षी त्याच वाटेने जिन योंग आले आणि चिनी भाषेत नव्या धर्तीच्या 'वूश्या' कादंबऱ्यांचे युग सुरू झाले. मंचावर जे घडले नाही ते पुढची कित्येक दशके कागदावर आणि पडद्यावर घडत राहिले.

हे दोघेही भोंदू नव्हते. दोघांनी आयुष्याची उमेदीची वर्षे कसून मेहनत केली होती, शेकडो शिष्य घडवले होते. मग इतक्या वर्षांची तालीम त्या काही मिनिटांत गेली कुठे? पारंपरिक कुंग फू आणि प्रत्यक्ष लढत यांचा संबंध समजून घ्यायचा, तर हाच प्रश्न धरून पुढे जावे लागते. कुंग फूच्या बाजूने भावनिक होऊन किंवा त्याची थट्टा करून त्याचे उत्तर मिळत नाही.

पारंपरिक शाळेत नवा विद्यार्थी आला की त्याला आधी उभे राहायला शिकवतात. 'मा-बू' म्हणजे घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा: पाय खांद्यांहून रुंद, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर, पाठ ताठ. मिनिटभरात मांड्या थरथरू लागतात आणि गुरू म्हणतात, अजून थांब. त्यानंतर ठोसे, लाथा, पावले. मग 'ताओलू', म्हणजे आपल्याकडच्या क्लासमधली मुले ज्याला 'फॉर्म' म्हणतात तो ठरावीक क्रमाने गुंफलेला हालचालींचा संच. काही फॉर्म मिनिटभरात संपतात. ताय-चीचा लांब फॉर्म संथपणे केला तर वीस मिनिटे सहज घेतो. पुढे जोडीदाराबरोबरचे ठरलेले संच, वाळूची पोती, विंग चुनसारख्या शैलीत लाकडी पुतळा, काठी, तलवार. आणि या सगळ्याच्या शेवटी, जर असलेच तर, मुक्त स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी आधी काही न ठरवता केलेली सरावाची लढत.

फॉर्ममध्ये नेमके काय साठवलेले असते, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर टीका करणे अन्यायाचे आहे. एक ठोसा पुढे जाताना दुसरी मूठ कमरेशी खेचून घेतली जाते, ही फॉर्ममधली नेहमीची हालचाल. मुष्टियोद्धा पाहील तर म्हणेल, चेहरा उघडा टाकलात. पण त्या मागे येणाऱ्या हातात समोरच्याचे मनगट किंवा बाही आहे अशी कल्पना करा. एका हाताने त्याला आपल्याकडे ओढून तोल घालवायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने मारायचे, असा त्याचा अर्थ लागतो. खोल पवित्र्यांचेही तसेच. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला असा जो 'धनुष्य' पवित्रा आहे, तो उभे राहून वाट पाहण्यासाठी नाही. समोरच्याच्या पायामागे आपला पाय घालून त्याला कमरेवरून लोटताना शरीर ज्या क्षणी सर्वात खाली जाते, त्या क्षणाचे ते स्थिरचित्र आहे. फॉर्म ही अशा स्थिरचित्रांची मालिका आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी शेकडो डाव पुढच्या पिढीकडे पोहोचवले ते अशा मालिकांतून, आणि ही कामगिरी लहान नाही.

अडचण पुढे सुरू होते. त्या स्थिरचित्रात समोरचा माणूस नाही. तो किती उंच आहे, किती चिडलेला आहे, हात ओढल्यावर तो मागे खेचतो की उलट आपल्या अंगावरच येतो, यातले काहीच फॉर्ममध्ये नाही. ही माहिती गुरूने जोडीदार देऊन पुरवायची असते. जिथे ती पुरवली गेली तिथे फॉर्म जिवंत राहिला. जिथे पुरवली गेली नाही तिथे काही पिढ्यांत हालचालीचा अर्थच विसरला गेला आणि मूठ कमरेशी का आणायची याचे उत्तर 'परंपरा' एवढेच उरले.

ही तक्रार आजकालची आहे असे कोणी समजू नये. सोळाव्या शतकात चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चाच्यांशी लढणारा मिंग सेनापती छी जी-ग्वांग याने १५६० च्या सुमारास सैनिकी प्रशिक्षणाचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात मुष्टिकलेवर एक प्रकरण आहे. वेगवेगळ्या शैलींतून निवडून त्याने ३२ पवित्रे एकत्र केले. त्यांतली काही नावे पुढे ताय-चीमध्ये जशीच्या तशी दिसतात. रणांगणावर नुसत्या हातांचा फारसा उपयोग नाही, हे तो स्पष्ट सांगतो. हात-पाय मोकळे व्हावेत आणि शस्त्र शिकण्यापूर्वी अंग तयार व्हावे यासाठी ही कला आहे. दिखाऊ, फुलापानांच्या हालचालींचा त्याला मनस्वी राग होता. आणि कला हाती आली की ती प्रतिस्पर्ध्यावर आजमावलीच पाहिजे, हार-जितीची लाज किंवा घमेंड बाळगू नये, असा त्याचा आग्रह होता. त्याच काळात शाओलिनचे भिक्षू चाच्यांविरुद्ध लढले ते काठी घेऊन. शाओलिनची त्या काळची कीर्ती काठीची होती; रिकाम्या हातांची ख्याती नंतर वाढली.

मग फॉर्मचे पारडे इतके जड कसे झाले? एक कारण अगदी व्यावहारिक आहे. १९१० मध्ये शांघायमध्ये पुढे जिंगवू नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेची सुरुवात झाली आणि कुंग फू बंद दाराआडून, घराण्याच्या चौकटीतून बाहेर पडून शहरी लोकांसाठी खुले झाले. हे फार चांगले झाले. पण एक गुरू आणि चार शिष्य असताना प्रत्येकाशी हात लावून शिकवता येते. समोर पन्नास जण रांगेत उभे असतील तर फॉर्म शिकवणे हाच सोपा मार्ग उरतो. सगळे एकाच वेळी एकच हालचाल करतात, कोणाला दुखापत होत नाही, प्रगती मोजता येते, समारंभात दाखवता येते. पुढे जनवादी चीनमध्ये १९५० च्या दशकात वूशूचा, म्हणजे चिनी युद्धकलांचा, स्पर्धात्मक खेळ घडवताना भर फॉर्मच्या सादरीकरणावरच राहिला. १९५६ मध्ये आरोग्यासाठी २४ हालचालींचा सोपा ताय-ची फॉर्म तयार झाला आणि तो आज जगभरच्या बागांतून दिसतो. स्पर्धेतले फॉर्म मात्र उड्या, गिरक्या आणि लवचिकतेकडे झुकले. जेट ली हा त्या पद्धतीतून घडलेला राष्ट्रीय विजेता. त्याचे कौशल्य निर्विवाद आहे; फक्त ते कशाचे कौशल्य आहे याची गल्लत होऊ नये.

मधल्या काळात एक वेगळा प्रयत्न झाला होता, आणि तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वात प्रामाणिक प्रयत्न वाटतो. १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय गुओशू (म्हणजे 'राष्ट्रीय कला') संस्था स्थापन झाली. जांग झ-ज्यांग हे तिचे प्रमुख. सगळ्या शैलींना एका छताखाली आणायचे आणि दावे मंचावर तपासायचे, असा बाणा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. संरक्षक साहित्य अपुरे, नियम ढोबळ. इतके जण जखमी झाले की शेवटचा टप्पा न लढवताच वरच्या गटाला एकत्र गौरवावे लागले.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हांगजोउला 'लेई-ताय' म्हणजे उंच मंचावरच्या लढतींची मोठी स्पर्धा भरली. पंचांमध्ये सुन लू-तांग यांच्यासारखे त्या काळचे थोर गुरू होते. डोळे, गळा आणि जांघेवर मारायला बंदी होती. सुरुवातीला बरेच स्पर्धक एकमेकांभोवती नुसतेच फिरत राहिले, बरोबऱ्या वाढल्या, आणि स्पर्धा चालू असतानाच नियम बदलावे लागले. वांग झ-छिंग पहिले आले. वर पोहोचलेल्यांमध्ये चिनी कुस्तीची किंवा मुक्त लढतीची नियमित सवय असलेले लोक ठळक होते. नावाजलेल्या शैलीचा नुसता शिक्का कोणाच्या कामी आला नाही. म्हणजे जो धडा आज इंटरनेटवरच्या चित्रफितींमधून नव्याने शिकल्यासारखा सांगितला जातो, तो चिनी गुरूंनी स्वतःच, स्वतःच्या मंचावर, १९२९ मध्ये घेतला होता. त्यानंतर युद्ध आले, यादवी आली, आणि ते काम अर्धवट राहिले.

आता शरीराच्या बाजूने पाहू. डोळ्यांसमोर अचानक एखादी गोष्ट आली तर माणसाला साधा प्रतिसाद द्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात, आणि जवळून आलेला सरळ ठोसा एवढ्याच अवधीत पोहोचू शकतो. म्हणजे ठोसा पाहून मग त्याला अडवणे जवळजवळ अशक्य. अनुभवी लढवय्या ठोसा पाहतच नाही. त्याआधी खांदा हलतो, वजन पुढच्या पायावर जाते, अंतर चार बोटांनी कमी होते, हे तो वाचतो. ही वाचनाची विद्या एकट्याने फॉर्म करून येणे शक्य नाही, कारण फॉर्ममध्ये वाचायला समोर कोणी नसते.

दुसरी गोष्ट पर्यायांची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवले की निवडीचे पर्याय वाढत गेले की प्रतिसादाचा वेळही वाढत जातो. शंभर हालचालींचा फॉर्म येणाऱ्याकडे लढतीत शंभर उत्तरे असतात, हा समज त्यामुळेच फसवा ठरतो. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या मेंदूला शंभरातून एक निवडायला वेळ नसतो; तो अंगवळणी पडलेल्या दोन-तीन हालचालींकडे धाव घेतो. त्या हालचाली प्रतिकारासमोर घोटलेल्या नसतील तर लहानपणी भांडताना फिरवलेले हातच बाहेर येतात. मकावच्या मंचावर जे दिसले ते मला असे उलगडते. स्पॅरिंग करणारा माणूस नकळत छाटणी करतो. शिकलेल्या शंभर गोष्टींतून आपल्या उंचीला, वजनाला, स्वभावाला मानवणाऱ्या पाच-सहा उरतात आणि त्या धारदार होतात. जुन्या शैलींना हे ठाऊक नव्हते असे नाही. शिंग-यी या उत्तरेकडच्या शैलीचा पाया अवघ्या पाच मुष्टिप्रहारांचा आहे.

इथे एक युक्तिवाद हटकून पुढे येतो: आमचे डाव इतके घातक आहेत की ते स्पॅरिंगमध्ये वापरताच येत नाहीत. डोळ्यात बोट, गळ्यावर वार, सांधा मोडणे. वरवर पटणारा हा मुद्दा मला उलट दिशेने जाणारा वाटतो. जो डाव पूर्ण ताकदीने, प्रतिकार करणाऱ्या माणसावर कधीच करता येत नाही, तो तुम्हाला येतो की नाही हे तुम्हालाही कळत नाही. आणि जो थोडा कमी घातक आहे पण रोज तीस वेळा खऱ्या प्रतिकाराविरुद्ध करता येतो, तो वर्षभरात तुमच्या हाडात मुरतो. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एईशोजी मंदिरात ज्यूदोची सुरुवात केली ती हे ओळखून. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रहार त्यांनी 'काता' म्हणजे ठरावीक संचांमध्ये जपले आणि फेकी, पकडी यांचा 'रांदोरी' म्हणजे मुक्त सराव रोजचा केला. पडायचे कसे, हे आधी शिकवले, म्हणून पाडणे शक्य झाले. तलवारीच्या बाबतीत तर अठराव्या शतकातच बांबूची तलवार आणि चिलखत वापरात आले आणि तलवारबाजांना न मरता लढायचा सराव करता येऊ लागला. लढतीची विद्या टिकवायची तर सुरक्षित प्रतिकाराचे साधन शोधावे लागते. जपानने ते आधी शोधले.

चीनमध्येही ते एका कोपऱ्यात कायम होते. 'श्वाय-ज्याओ' म्हणजे चिनी कुस्ती. जाड, आखूड बाह्यांचे जाकीट घालून खेळतात, आणि पायांखेरीज अंगाचा दुसरा भाग जमिनीला लागला की डाव गेला. मराठी वाचकाला यातले मर्म समजवायची गरज नाही. जोर-बैठका मारून अंग तयार होते, पण ढाक किंवा कलाजंग येते ती हौद्यात, लाल मातीत, तितक्याच ताकदीचा जोडीदार अंगावर असताना. कुठलाही वस्ताद पठ्ठ्याला एकट्याने हवेत डाव करायला लावून मैदानात सोडणार नाही. श्वाय-ज्याओचीही रीत तीच, म्हणून तिची परीक्षा कधी लाजिरवाणी झाली नाही. १९३३ मध्ये नानजिंगच्या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेत चांग दोंग-शंग वजनदार गटात विजेते ठरले, आणि पुढे तैवानमध्ये त्यांनी पोलीस अधिकाऱ्यांना शिकवले.

बाकीच्या शैलींतही फॉर्म आणि लढत यांच्यामधली पायरी मुळात होती. ताय-चीमधले 'त्वे-शौ', ज्यात दोघे मनगटे भिडवून एकमेकांचा तोल शोधतात. विंग चुनमधले 'ची-साऊ', ज्यात दोघांचे हात एकमेकांवर गोल फिरत राहतात आणि मोकळी जागा सापडली की प्रहार होतो. यामागचे शास्त्र पक्के आहे: स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद दृष्टीच्या प्रतिसादापेक्षा जलद असतो. हात हाताला लागलेला असेल तर समोरच्याचा बेत त्वचेला आधी कळतो. मात्र हा सराव एक गोष्ट गृहीत धरून सुरू होतो. हात आधीच लागलेले आहेत. प्रत्यक्षात समोरचा दोन हात दूर असतो, मारतो आणि हात परत घेतो. ते अंतर ओलांडून संपर्क कसा साधायचा, हे ची-साऊ शिकवत नाही. जे शिष्य वर्षानुवर्षे फक्त ची-साऊ करत राहतात, ते पायरीलाच मुक्काम समजतात.

विंग चुनचे गुरू इप मान यांचे शिष्य वाँग श्युन-ल्युंग यांनी हे अंतर ओलांडले. १९५० च्या दशकात हाँगकाँगच्या गच्च्यांवर वेगवेगळ्या शाळांचे तरुण बंद दाराआड भिडत. नियम जुजबी, प्रेक्षक मोजके. वाँग अशा अनेक लढती लढले आणि प्रत्येक लढतीतून शिकलेले परत सरावात आणत राहिले. त्यांच्याकडेच एक किशोरवयीन मुलगा शिकत होता: ब्रूस ली. १९५८ मध्ये त्याने हाँगकाँगची आंतरशालेय मुष्टियुद्ध स्पर्धा जिंकली. १९६४ मध्ये अमेरिकेत ओकलंडला वाँग जॅक-मन या उत्तरी शैलीच्या गुरूशी त्याची बंद खोलीत लढत झाली. तिच्या निकालाबद्दल दोन्ही बाजू आजही वेगवेगळे सांगतात. लीच्या बाजूच्या सांगण्यानुसार तो जिंकला, पण लढत लांबली आणि आपला दम तुटला याने तो अस्वस्थ झाला. त्यानंतर त्याने धावणे, दोरीवरच्या उड्या, वजने यांचा धडाका लावला, मुष्टियुद्ध आणि युरोपीय तलवारबाजीचा अभ्यास केला, आणि १९६७ मध्ये आपल्या पद्धतीला 'जीत कुन दो' हे नाव दिले. 'एंटर द ड्रॅगन' या १९७३ च्या चित्रपटाचा पहिला प्रसंग पुन्हा पाहा. ली आणि सामो हंग बोटे उघडी असलेले ग्लोव्ह घालून भिडतात. त्यात ठोसे आहेत, फेक आहे, आणि शेवट हाताला कुलूप घालून होतो. कुंग फूचे स्पॅरिंग कसे असावे याचे त्याचे उत्तर त्या दोन मिनिटांत आहे.

ग्लोव्हचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट स्पॅरिंगच्या कट्टर भक्तांनाही सांगितली पाहिजे. मुष्टियुद्धाचे जाड ग्लोव्ह घातले की मनगट पकडता येत नाही, बाही धरता येत नाही, तळहात आणि बोटांचे काम संपते. कुंग फूतला निम्मा मजकूर धरणे, ओढणे आणि पिरगाळणे याचा आहे, आणि तो त्या ग्लोव्हमध्ये अदृश्य होतो. मग समोर उरते ते किक-बॉक्सिंगसारखे काहीतरी, आणि लोक म्हणतात, बघा, लढायला लागले की कुंग फू गायब. तो दोष काही अंशी नियमांचा आहे. नियम बदलले की कौशल्य बदलते. त्यामुळे चांगली शाळा एकाच प्रकारच्या स्पॅरिंगवर थांबत नाही: कधी ग्लोव्ह घालून फक्त ठोसे, कधी उघड्या हाताने फक्त पकड आणि फेक, कधी एकाने फक्त हल्ला करायचा आणि दुसऱ्याने फक्त निसटायचे.

२७ एप्रिल २०१७ रोजी छंगदूमध्ये मिश्र युद्धकलेचे प्रशिक्षक शू श्याओ-दोंग यांनी वेई लेई या ताय-ची गुरूला २० सेकंदांच्या आत खाली पाडले. ती चित्रफीत जगभर फिरली. चिनी वूशू संघटनेने अशा लढतींवर टीका केली, शू यांना पुढे बरेच सोसावे लागले. मला त्या लढतीत कुंग फूचा पराभव दिसत नाही. एक माणूस रोज अशाच अंतरावर, अशाच वेगात, प्रतिकार करणाऱ्या जोडीदारांबरोबर घाम गाळत होता आणि दुसऱ्याच्या तयारीत ती सवय कुठेच दिसली नाही. दोघांच्या शैली अदलाबदल केल्या असत्या तरी निकाल तोच लागला असता.

याचा पुरावा चीनमध्येच आहे, आणि त्याचे नाव सान्दा. १९७९ मध्ये सरकारच्या क्रीडा आयोगाने निवडक संस्थांत मुक्त लढतीचे प्रयोग सुरू केले आणि त्यातून हा खेळ घडत गेला. ठोसे, लाथा आणि श्वाय-ज्याओच्या फेकी एकत्र. ग्लोव्ह, डोक्याला आणि छातीला संरक्षण, आणि जुन्या लेई-तायची आठवण ठेवणारा ८ मीटर लांब-रुंद, ८० सेंटिमीटर उंच मंच. प्रतिस्पर्ध्याला मंचाखाली ढकलले तरी फायदा. सान्दाचा खेळाडू लाथ पकडून समोरच्याला ज्या सफाईने उलथवतो, ती सफाई इतर खेळांत क्वचित दिसते, आणि तिचे मूळ थेट चिनी परंपरेत आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शंजनमध्ये ४२ सेकंदांत यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या स्पर्धेची पहिली चिनी विजेती ठरलेली जांग वेई-ली किशोरवयात सान्दामध्येच तयार झाली. आपल्याकडे २०१७ च्या जागतिक वूशू स्पर्धेत हरियाणाच्या पूजा कादियानने सान्दामध्ये सुवर्ण जिंकले. मणिपूरच्या रोशिबिना देवीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०२३ मध्ये झालेल्या पुढच्या आशियाई स्पर्धेत ६० किलो गटात रौप्य मिळवले. हे रौप्य तिने हांगजोउमध्ये मिळवले, १९२९ ची लेई-ताय स्पर्धा जिथे झाली होती त्याच शहरात.

एवढे सगळे म्हटल्यावर फॉर्म टाकून द्यावा का? मी असे मुळीच म्हणणार नाही. पवित्र्यात थांबण्याने नितंब, मांड्या आणि पाठीचा कणा जो आधार देऊ लागतात, तो फेक करताना आणि फेक चुकवताना रोज उपयोगी पडतो. साठीनंतर कोणी स्पॅरिंग करावे असे मी सुचवणार नाही, पण ताय-चीचा फॉर्म त्या वयात तोल सांभाळायला आणि पडण्याचे प्रमाण कमी करायला मदत करतो, हे वैद्यकीय अभ्यासांतून दिसले आहे. जोडीदार नसलेल्या दिवशी, आजारातून उठल्यावर, परगावी खोलीत एकटे असताना फॉर्मच सोबत असतो. शिवाय स्पॅरिंगची किंमतही असते: डोक्यावर वारंवार बसणारे हलके मारसुद्धा मेंदूला इजा करतात, आणि ही इजा अनेक वर्षांनंतर उघड होते. म्हणून जोरदार स्पॅरिंग थोडे आणि देखरेखीखाली, हलके स्पॅरिंग आणि धरपकड मात्र नेहमी, असे प्रमाण शहाणे प्रशिक्षक ठेवतात. लहान मुलांच्या बाबतीत तर डोक्यावर मारणे वर्ज्यच असावे.

तुम्ही स्वतः किंवा तुमचे मूल कुंग फू शिकायला जाणार असेल, तर पैसे भरण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या क्लासमध्ये जाऊन बसा. फॉर्म सुंदर होतो की नाही, भिंतीवर किती प्रमाणपत्रे आहेत, हे बाजूला ठेवा. विद्यार्थी जोडीने काम करतात का, आणि त्या जोडीतला दुसरा खरोखर विरोध करतो की गुरूंचा हात लागताच आपणहून उडून पडतो, हे बघा. फॉर्ममधली एक हालचाल दाखवून शिक्षकांना विचारा, ही कशासाठी आहे आणि जोडीदारावर करून दाखवाल का. दातांचे गार्ड, ग्लोव्ह, गाद्या आहेत का आणि पडायला शिकवतात का, तेही विचारा. या प्रश्नांवर जे शिक्षक हसून गादी अंथरतात आणि एखाद्या विद्यार्थ्याला समोर बोलावतात, त्यांच्याकडे नाव घाला.